किनाऱ्यालगतच्या घरासाठी टिकाऊ कॉम्प्युटर: चाळीस हजारांत काय काय घ्यावं?

सुरंगी

नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यात राहते, घराच्या पडवीतून समुद्र दिसतो. घरचा कॉम्प्युटर आता बदलायलाच हवा. इंटेलचा चौथ्या पिढीचा आय३ आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ त्याच्यावर चढत नाही. पण खरं दुखणं वेगळंच आहे. डब्याच्या पाठीमागचे स्क्रू लाल झालेत, यूएसबीच्या तोंडाशी हिरवट पूड धरते. पावसाळ्यात दोन-चार दिवस बंद राहिला की सुरू करताना नुसता बीप वाजतो. रॅम काढून, खोडरबराने घासून परत बसवली की चालतो.

काम म्हणाल तर आंबा-काजूच्या ऑर्डरी, टॅली, जीएसटी, पार्सलच्या पावत्या. मुलगी अकरावी सायन्सला आहे, तिचा अभ्यास आणि थोडं व्हिडिओ एडिटिंग. गेम कोणी खेळत नाही. मॉनिटर, कीबोर्ड चांगले आहेत, ते बदलायचे नाहीत. बजेट चाळीस हजार, त्यातच यूपीएस बसवायचा, फार तर दोन-तीन हजार वर जातील. एका दुकानदाराने काचेचा लाइटवाला कॅबिनेट आणि ग्राफिक्स कार्ड दाखवलं. मला लाइट नकोत, आठ-दहा वर्षं चालणारं मशीन हवंय. पैसे कुठे घालायचे आणि कुठे हात आखडायचा, ते सांगा.

खाडीपलीकडे

सुरंगीताई, कुडाळच्या बाजूला माझं रिपेअरिंगचं काम आहे. वेंगुर्ला, मालवणपासून मशीनं येतात. किनाऱ्यावरचं मशीन बिघडतं ते लाइटीने नाहीतर खाऱ्या हवेने. प्रोसेसर म्हातारा होऊन मेला, असं मी तरी पाहिलेलं नाही.

खाऱ्या हवेचं आधी सांगतो. वाऱ्याबरोबर मिठाचे बारीक कण येऊन बोर्डावर बसतात. मीठ कोरडं असेतोवर फारसा त्रास नाही. पण हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं, आणि बोर्डावर खाऱ्या पाण्याचा पातळ थर तयार होतो. त्यातून वीज वाहते, तांबं हिरवं पडतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा बहुतेक वेळ त्या रेषेच्या वरच असते. तुमची हिरवट पूड तीच. रॅमच्या दातांना सोन्याचा मुलामा असतो, तो गंजत नाही, पण फार पातळ असतो आणि त्याच्यातल्या सूक्ष्म छिद्रांतून खालचा धातू गंजतो. खोडरबराने घासलं की मळ जातो आणि थोडं सोनंही जातं. म्हणून ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लिंट न सोडणारं फडकं वापरा, खोडरबर विसरा.

पैशाचं म्हणाल तर पहिला मान पॉवर सप्लायला द्या. चांगल्या कंपनीचा ४५० वॅटचा, ८० प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवण्याचं प्रमाणपत्र), पाच वर्षं वॉरंटीचा घ्या. ग्राफिक्स कार्ड नसलेलं घरगुती मशीन पूर्ण जोरावरसुद्धा दीडशे वॅटच्या आत राहतं, तेव्हा जास्त वॅटच्या मागे जाऊ नका. कॅबिनेटबरोबर फुकट येणारा सप्लाय दुकानातच ठेवा. त्यात हलके कपॅसिटर असतात. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचा ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट होतं. १०५ अंशांचे कपॅसिटर लावलेला सप्लाय आणि ८५ अंशांचे लावलेला सप्लाय यांत तिथेच कितीतरी वर्षांचा फरक पडतो.

पुणेरी_प्रोसेसर

आता एएमडीच्या २०१६ सालच्या एएम४ सॉकेटवर (सॉकेट म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) पैसे घालू नयेत असं माझं मत आहे. एएम५ घ्या. २०२२ मध्ये आलाय, आणि एएमडीने किमान २०२७ पर्यंत त्यावर नवे प्रोसेसर देण्याचं सांगितलंय. आज रायझन ५ ८५००जी लावा, पाच वर्षांनी त्याच बोर्डावर मोठा प्रोसेसर बसवा. टिकाऊ म्हणजे पुढे वाढवता येणारं, नाही का? शिवाय एएम४ ला लागते त्या डीडीआर४ रॅमचं उत्पादन मोठ्या कंपन्या आटोपतं घेताहेत.

खाडीपलीकडे

मुद्दा रास्त आहे, पण ताईंच्या बजेटात तो बसवून बघा. एएम५ ला डीडीआर५ या नव्या रॅमशिवाय चालत नाही. रॅमचे भाव २०२५ च्या शेवटी जे चढले ते दुपटीच्याही वर गेले, कारण कारखान्यांचा माल एआयच्या सर्व्हरकडे वळलाय. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रूशियल हा घरगुती ग्राहकांचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. बोर्ड महाग, रॅम महाग. मग उरलेल्या पैशांत कापाकापी होणार ती पॉवर सप्लाय आणि यूपीएसमध्येच. पुढे वाढवता येणारा बोर्ड तिसऱ्या पावसाळ्यात हिरवा पडला तर त्याच्यावर वाढवणार काय?

टॅली, ब्राउझर आणि फोनवर काढलेल्या व्हिडिओचं साधं एडिटिंग यांना रायझन ५ ५६००जी पुष्कळ होतो. सहा कोअर, बारा थ्रेड, आत ग्राफिक्स, ६५ वॅट. विंडोज ११ च्या यादीत बसतो, विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आतच असते. नाहीतर इंटेलचा आय३-१२१००, तोही चांगला. फक्त नावाच्या शेवटी एफ नाही ना ते बघून घ्या. एफ असलेल्यात ग्राफिक्स नसतं, कार्ड घालावंच लागतं.

पुणेरी_प्रोसेसर

रॅमच्या भावाचं मान्य. ज्याला पन्नास-पंचावन्न हजार घालता येतात त्याने एएम५ घ्यावा, एवढ्यावर मी ठाम आहे. चाळीसमध्ये ५६००जी ठीक. बोर्ड मात्र बी५५० चिपसेटचा घ्या, चार रॅम स्लॉटचा. त्याच्या खालच्या, अगदी स्वस्त ए५२० चिपसेटच्या बोर्डांमध्ये व्होल्टेज सांभाळणाऱ्या भागावर हीटसिंकसुद्धा नसतो.

जांभाचिरा

माका इचारशात तर पयला अर्थिंग बघा, मगे बाकीचा सगळा.

माझं काम वायरिंगचं, त्यामुळे तेच सांगेन. सुरंगीताई, चालू कॉम्प्युटरच्या पत्र्याला उलटा हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? येत असतील तर घरचं अर्थिंग नावापुरतं आहे. पॉवर सप्लायच्या तोंडाशी फिल्टरचे दोन छोटे कपॅसिटर असतात. ते फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून पत्र्याला जोडलेले असतात. अर्थ तुटली की पत्र्यावर २३० च्या निम्मं, म्हणजे शंभर-सव्वाशे व्होल्ट तरंगतात. करंट अगदी थोडा असतो म्हणून माणसाला इजा होत नाही, पण प्रिंटरची किंवा एचडीएमआयची वायर चालू मशीनला लावताना तो त्या वायरीतून पळतो, आणि पोर्ट जातं.

आपल्या कातळावर ही अडचण हमखास. जांभ्याचा कातळ फोडून पुरेसा खोल खड्डा कोणी करत नाही, दोन फुटांवर पाइप ठोकतात. पावसाळ्यात ओल असते म्हणून अर्थ मिळते. एप्रिल-मेमध्ये कातळ सुकला की नाहीशी होते, आणि वळवाच्या विजा त्याच दिवसांत कडाडतात. वायरमनला मीटर लावून न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजायला सांगा. दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. जास्त असेल तर मीठ-कोळशाचा खड्डा नीट भरून घ्या, माती मिळेल अशा जागी, माडाच्या अळ्याशेजारी घेतलात तर शिंपण्याचं पाणी आपोआप मिळेल. उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओतत जा.

सर्ज प्रोटेक्टर बरेच जण विकत घेतात. त्यातला घटक जादा व्होल्टेज अर्थमध्ये ढकलतो. अर्थच नसेल तर ढकलणार कुठे? आणि तो प्रत्येक झटक्यागणिक झिजतो, आतला दिवा विझला की बदलायचा असतो.

सुरंगी

झिणझिण्या येतात! आम्ही त्याला मशीनचाच दोष समजत होतो. वायरमनला उद्याच बोलावते.

दुसरं एक विचारायचं होतं. मुंबईला लॅमिंग्टन रोडवर ऑफिसांतून निघालेले जुने ब्रँडेड कॉम्प्युटर वीस हजारांच्या आत मिळतात, असं भाऊ म्हणतो. ते घेऊन उरलेले पैसे यूपीएसमध्ये घातले तर?

करुळ_घाट

मी असा एक घेऊन कणकवलीला वापरतोय, आठव्या पिढीचा आय५. उत्तम चालतो. आठव्या पिढीच्या खालचा घेऊ नका, विंडोज ११ त्याच्या खाली अधिकृतपणे नाही.

खाडीपलीकडे

कणकवली आणि देवगडची वाडी यांच्या हवेत फार फरक आहे हो. समुद्रापासून जेवढं आत जाल तेवढं मीठ कमी.

ऑफिसचे ते डबे बांधणीला चांगले असतात, पण बऱ्याच मॉडेलांत पॉवर सप्लाय त्याच कंपनीच्या मापाचा, त्याच कंपनीच्या पिनांचा. बोर्डही तसाच. सप्लाय गेला तर कुडाळात मिळणार नाही, ना कोल्हापुरात. ऑनलाइन जुना शोधायचा आणि वाट बघायची. तुमचा धंद्याचा हिशेब त्या मशीनवर आहे, आणि आंब्याच्या सीझनमध्ये ते बंद पडलं तर आठवडाभर थांबणं परवडणार नाही. साध्या एटीएक्स मापाचा सप्लाय, मायक्रो-एटीएक्स बोर्ड, एम.२ एसएसडी. ह्यातलं काहीही गेलं तरी कोणत्याही तालुक्याच्या गावात दुसऱ्या दिवशी मिळतं. आठ-दहा वर्षांच्या हिशेबात ही सोय मला प्रोसेसरच्या वेगापेक्षा मोठी वाटते. पैसे अगदीच कमी असतील तर मात्र तो मार्ग वाईट नाही.

गुहागरची_लेक

रॅम घेताना १६ जीबीची एक पट्टी घ्यायची की ८ च्या दोन? आमच्याकडे ह्यावर वाद चाललाय.

पुणेरी_प्रोसेसर

प्रोसेसरमधलं ग्राफिक्स वापरणार असाल तर दोन. त्याला स्वतःची मेमरी नसते, मुख्य रॅममधूनच घेतं, आणि दोन पट्ट्या असल्या की रॅमशी ये-जा दुप्पट रुंद रस्त्याने होते. व्हिडिओ एडिटिंगमध्ये फरक दिसतो.

खाडीपलीकडे

आणि किनाऱ्यावर आणखी एक कारण आहे. एक पट्टी बिघडली तरी दुसरीवर काम चालू राहतं. वॉरंटीत बदलून यायला मुंबईहून किती दिवस लागतील याचा नेम नसतो.

एसएसडी ५०० जीबीची, टीएलसी प्रकारची (एका पेशीत तीन बिट साठवणारी), पाच वर्षं वॉरंटीची. क्यूएलसी (एका पेशीत चार बिट) थोडी स्वस्त पडते, पण तिची लिहिण्याची मर्यादा कमी आणि मोठी फाइल टाकताना वेग बसतो. चांगल्या ५०० जीबी एसएसडीला साधारण ३०० टेराबाइट लिहिण्याची हमी असते. घरच्या वापरात रोज ३० जीबी लिहिलं, आणि एवढं कोणी लिहीत नाही, तरी पंचवीस वर्षांहून जास्त काळ पुरेल. लिहून लिहून एसएसडी संपेल ही भीती बाळगू नका. ती जाते ती अचानक, कित्येकदा लाइटीच्या धक्क्याने, आणि गेली की सगळा डेटा एकदम जातो. हार्ड डिस्कसारखी आधी कुरकुर करत नाही.

वाशिष्ठीकाठ

डेटावरून लिहिते. मी चिपळूणची. २२ जुलै २०२१ चा पूर सगळ्यांना माहीत आहे. आमच्या आळीत ज्यांच्या दुकानांचे कॉम्प्युटर बुडाले त्यांना मशीनपेक्षा उधारीच्या वह्यांचा आणि टॅलीच्या डेटाचा घोर जास्त होता. सुरंगीताईंकडे पुराची भीती नसेल, पण वादळ आहेच. निसर्ग ३ जून २०२० ला आलं तेव्हा दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडे कौलं उडून पाणी थेट घरात आलं, लाइट कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे नव्हती. कॉम्प्युटर बजेटमध्ये एक बाहेरची हार्ड डिस्क धरा. आठवड्यातून एकदा टॅलीचा बॅकअप घ्या आणि ती डिस्क त्याच खोलीत ठेवू नका. आमची बहिणीकडे असते, उंचावरच्या घरात. टॅलीची कॉपी मेलनेही स्वतःला पाठवून ठेवते.

सुरंगी

हे मी यादीत धरलंच नव्हतं. लिहून घेतलं.

यूपीएसचं सांगाल का? घरात इन्व्हर्टर आहे, मग यूपीएस वेगळा हवाच का?

जांभाचिरा

इन्व्हर्टर कुठला ते बघा. स्क्वेअर वेव्हचा जुना असेल तर त्याच्यावर कॉम्प्युटर नको. शुद्ध साइन वेव्हचा असेल आणि मागे यूपीएस मोडचं बटण असेल तर ते चालू करा. लाइट गेल्यावर बॅटरीवर यायला त्याला जो क्षण लागतो तेवढा वेळ पॉवर सप्लायने स्वतःच्या साठ्यावर काढायचा असतो. चांगला सप्लाय साधारण १६ मिलिसेकंद काढतो. यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर त्याच्या आत येतो, साध्या मोडमध्ये कित्येकदा येत नाही, आणि मशीन रीस्टार्ट होतं. म्हणजे यूपीएस मोड असलेला इन्व्हर्टर लाइट जाण्यापुरता चालेल.

पण आपल्याकडे लाइट जाण्यापेक्षा ती येताना जास्त नुकसान करते. डीपीवर फ्यूज टाकला की पहिल्या काही सेकंदांत व्होल्टेज वर-खाली नाचतं. त्यासाठी एव्हीआर (व्होल्टेज आपोआप सावरणारा भाग) असलेला, म्हणजे लाइन इंटरॅक्टिव्ह प्रकारचा ६०० व्हीएचा यूपीएस बरा. आतली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते, तेवढा खर्च मनात धरा. लेझर प्रिंटर त्याच्यावर लावू नका, तो गरम होताना एकदम करंट ओढतो आणि यूपीएस बसतो.

विजा कडाडायला लागल्या की पिन बोर्डातून काढायचीच, स्विच बंद करून भागत नाही. इंटरनेटची वायरही. फायबरच्या काचेतून वीज येत नाही हे खरं, पण खांबावरून येणाऱ्या फायबरला ताण धरायला बहुधा पोलादी तार जोडलेली असते. ती तार भिंतीबाहेरच तोडून अडकवायला सांगा, घरात आणू देऊ नका.

कातळसडा

पालींचं कोणी बोललं नाही. आमच्या घरी पाल पॉवर सप्लायच्या जाळीतून आत गेली, उबेला बसायला. धूर, आणि सप्लाय बाद. उघडला तेव्हा दोन हीटसिंकच्या मध्ये चिकटलेली होती. वापरात नसलेल्या स्लॉटच्या पट्ट्या मागून काढलेल्या असतील तर परत बसवा. जिथून हवा आत जाते तिथे काढता येणारी बारीक जाळी असलेला कॅबिनेट घ्या. मुंग्या तर कोरड्या जागेसाठी पावसाच्या तोंडावर अंड्यांसकट आत जातात.

गुहागरची_लेक

डब्यावर आणि बोर्डावर गंज न धरणारा स्प्रे मारला तर? आमचे शेजारी बोटीच्या इंजिनाला मारतात तो.

खाडीपलीकडे

बोर्डावर मुळीच नको. तेलकट थरावर धूळ आणि मीठ दोन्ही चिकटून बसतात. कारखान्यात बोर्डावर संरक्षक लेप देतात तो वेगळा, आणि तोही स्लॉट-सॉकेट झाकून देतात. घरी करण्यासारखं काम नाही ते.

त्यापेक्षा सोपा आणि फुकटचा उपाय आहे. पावसाळ्यात मशीन रोज तास-दोन तास चालू ठेवा. २८ अंशांची ९० टक्के आर्द्रतेची हवा डब्यात ३८ अंशांपर्यंत तापली की तीच हवा पन्नास टक्क्यांच्या आसपास येते. मघाशी ७५ ची रेषा सांगितली, तिच्या बरीच खाली. मिठाला पाणी ओढताच येत नाही. तुमचं मशीन चार दिवस बंद राहिल्यावरच बीप का वाजवतं, त्याचं उत्तर हेच. दिवसा बंद ठेवायचं असेल तर पूर्ण शटडाउनपेक्षा स्लीप बरी, असं काही जण म्हणतात, पण स्लीपमध्ये इतकी कमी ऊब असते की उपयोग नाही. चालूच हवं.

जागाही बघा. पश्चिमेच्या खिडकीखाली नको. चिऱ्याच्या भिंतीला टेकवून नको, भिंत ओल धरते, वीतभर जागा सोडा. जमिनीवर तर नकोच. पंखे दोनच, एक पुढून हवा घेणारा जाळीसकट आणि एक मागे. चार-सहा पंखे लावाल तेवढी खारी हवा जास्त आत ओढाल. काचेचा लाइटवाला कॅबिनेट त्यासाठीही नको.

सुरंगी

वायरमन येऊन गेला. न्यूट्रल-अर्थमध्ये चौदा व्होल्ट निघाले. पाइप कातळात जेमतेम हातभर आहे. विहिरीकडच्या बाजूला माती आहे, तिथे खड्डा मारायचं ठरलं, खर्च यूपीएसएवढाच येतोय. घरच्या सगळ्याच वस्तूंना उपयोग होईल म्हणून तो कॉम्प्युटरच्या बजेटातून काढला नाही, यजमानांनीच वेगळा धरला.

यादी अशी झाली: रायझन ५ ५६००जी, बी५५० मायक्रो-एटीएक्स बोर्ड, ८ जीबीच्या दोन डीडीआर४ पट्ट्या, ५०० जीबी टीएलसी एसएसडी, ४५० वॅट ब्रॉन्झ सप्लाय, पुढे जाळीचा साधा पत्र्याचा कॅबिनेट, ६०० व्हीए यूपीएस, बाहेरची १ टीबी हार्ड डिस्क. रॅमने घोळ केला, सगळं मिळून त्रेचाळीसच्या थोडं वर जातंय. काय कमी करू?

पुणेरी_प्रोसेसर

बाहेरची हार्ड डिस्क नवीन नको. जुन्या मशीनमधली हार्ड डिस्क तपासून घ्या, ठीक असेल तर यूएसबीच्या डब्यात घाला, काही शेकड्यांत काम होईल. जुन्या मशीनवर लिनक्स मिंट टाकून मुलीला प्रोग्रॅमिंग शिकायला देता येईल, त्याला लहान एसएसडी पुरते.

खाडीपलीकडे

जुनी डिस्क दहा वर्षांची असेल तर बॅकअपसाठी मी ती वापरणार नाही. त्यापेक्षा बोर्ड ए५२० घ्या, पण व्होल्टेजच्या भागावर हीटसिंक असलेला. ५६००जी ला तो पुरतो. चार स्लॉट गेले तरी दोन स्लॉटमध्ये पुढे १६ च्या दोन बसतातच. पॉवर सप्लाय, यूपीएस आणि बॅकअप या तिघांना हात लावू नका.

दुकानात बोर्डाचं खोकं तुमच्यासमोर उघडायला सांगा आणि बायोस (बोर्डातला, मशीन सुरू करणारा प्रोग्रॅम) ५६००जी ओळखतो का ते मशीन चालू करून बघा. प्रत्येक भागाचा सिरियल नंबर बिलावर लिहून घ्या. बिल थर्मल कागदावर असेल तर त्याच दिवशी फोटो काढा, आपल्या हवेत ते अक्षर वर्षभरात उडतं आणि पाच वर्षांची वॉरंटी दाखवायला कागद उरत नाही. खोकी माळ्यावर ठेवा, काही वितरक खोक्यावरचा बारकोड मागतात.

सुरंगी

ए५२० करते. खड्ड्याचं काम शनिवारी आहे, ते झालं आणि मीटरवर परत मोजून घेतलं की मगच मशीन जोडायला सांगते. मोजमाप इथे टाकीन.